उघाडी कोण उघडणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

थंडी पडू लागली की बंद मिठागरांत उतरलेल्या रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांतून झळकू लागतात. खाली ओळ ठरलेली: माणूस निघून गेला आणि निसर्गाने आपली जागा परत घेतली. छायाचित्रांबद्दल तक्रार नाही. त्या ओळीबद्दल आहे, कारण कोकण किनाऱ्यावर बहुतेक ठिकाणी घडते ते नेमके उलटे. माणूस खरोखरच निघून गेलेले मिठागर काही पावसाळ्यांतच कोरडे तरी पडते, तिवरांनी, म्हणजे खारफुटीच्या झाडांनी, गच्च तरी भरते, नाहीतर डेब्रिजच्या भरावाखाली जाते. जिथे पक्षी वर्षानुवर्षे टिकून आहेत, तिथे नीट पाहिले तर कोणीतरी अजूनही बांधाच्या तोंडाशी, म्हणजे पाण्याच्या दारापाशी (यालाच उघाडी म्हणतात), उभे राहून पाणी आत-बाहेर करत असते, किंवा पूर्वी कोणीतरी केलेली सोय अजून मोडलेली नसते. म्हणून या पत्रात पक्ष्यांपेक्षा पाण्याबद्दल अधिक लिहिले आहे.

आधी पक्षी या तळ्यांत येतात कशासाठी, ते पाहू. ठाणे खाडीचा सुमारे १७ चौरस किलोमीटरचा पट्टा २०१५ मध्ये रोहित अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये ही खाडी आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेली. परंतु अभयारण्यात मुख्यतः येतो तो ओहोटीला उघडा पडणारा चिखल आणि काठचे कांदळवन. भरती आली की तो चिखल पाण्याखाली. साधारण १२ तास २५ मिनिटांच्या फेऱ्याने, म्हणजे दिवसातून दोनदा, हजारो पाणपक्ष्यांना काही तास कुठेतरी टेकावे लागते. ती जागा जवळ हवी, उघडी हवी आणि तिथले पाणी उथळ हवे. मुंबईची मिठागरे, नेरूळची तळी, उरणकडची पाणजे, बेलपाडा, भेंडखळ ही ठिकाणे नेमकी याच कामाची. खाडीचा चिखल हे पक्ष्यांचे जेवणघर, तर ही तळी म्हणजे ओसरी. ओसरी काढून घेतली की पक्षी भरतीचे तास हवेत घिरट्या घालण्यात घालवतात. उत्तरेच्या परतीच्या प्रवासासाठी अंगावर चढवायची चरबी इथेच खर्ची पडते. मे २०२४ मध्ये घाटकोपर भागात विमानाला धडकून तीसहून अधिक रोहित मेले, तेव्हा पक्षी विमानांच्या वाटेत येतातच कशाला, असे विचारले गेले. बसायच्या जागा एकेक करून बुजवल्यावर ते कुठून कुठे उडणार, हा त्याआधीचा प्रश्न.

आता मिठागर. मिठागर म्हणजे भरतीचे पाणी टप्प्याटप्प्याने आटवण्याची यंत्रणा. पहिल्या मोठ्या साठवण तळ्यात समुद्राचेच पाणी असते, लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ. तिथून ते पुढच्या तापवायच्या तळ्यांत जाते आणि शेवटी मिठाच्या वाफ्यांत. पाण्यातल्या मिठाचा दाटपणा दाखवणाऱ्या बोमे मापकावर समुद्राचे पाणी सुमारे साडेतीन अंश दाखवते. मिठाचे खडे धरू लागतात ते २५ अंशांच्या आसपास. पक्ष्यांच्या दृष्टीने हे तीन निरनिराळे दाणापाण्याचे वर्ग आहेत. पहिल्या तळ्यात कोळंबी, निवट्या, लहान मासे; त्यामुळे बगळे, ढोकरी, खंड्या, सुरय तिथे. मधल्या तळ्यांत मासे तग धरत नाहीत, माशीच्या अळ्या आणि खाऱ्या पाण्यातले बारीक कोळंबीसारखे जीव मात्र भरपूर. चिखले, टिलवे, उचाटे यांची खरी गर्दी इथे. शेवटच्या वाफ्यांत जवळजवळ काही जगत नाही. धंदा बंद पडल्यावर ही उतरंड मोडते, सगळीकडे एकसारखे पाणी होते, आणि पक्ष्यांचे प्रकार कमी होतात ते त्यामुळे. पाहणाऱ्याला रोहित दिसत राहतात, म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही.

पाणी किती खोल असावे, याचे उत्तर पक्ष्याच्या पायात आहे. चिखल्याला नुसता ओला चिखल पुरतो. छोट्या टिलव्याला दोन-तीन सेंटिमीटर. तुतवार आणि लालपायी टिवळ्याला पाच-सात. पाणटिवळा आणि शेकाट्या १० ते १५ सेंटिमीटरपर्यंत सहज उतरतात, रोहित त्याहून खोल. म्हणजे तळ सपाट असेल तर १० सेंटिमीटर पाण्याने निम्म्या पक्ष्यांना दार बंद. तळाला हलका उतार हवा. एका टोकाला चिखल उघडा, दुसऱ्या टोकाला वीतभर पाणी. जुन्या मिठागरांत आतले लहान बांध झिजून हा उतार काही ठिकाणी आपोआप तयार होतो. तिथे पोकलेन घालून तळ 'साफ' करण्याचा मोह आवरावा. सुशोभीकरणाच्या नावाखाली तळे दोन मीटर खोदून कडेला दगडी पिचिंग केलेले आपण पाहतो. त्यात होडी चालते, टिलवा चालत नाही.

आणि मग गणित. कोकणात मार्च ते मे या काळात उघड्या पाण्याची रोज साधारण ५ ते ७ मिलिमीटर वाफ होते. पंधरवड्यात ८ ते १० सेंटिमीटर. उधाणाची भरतीही पंधरवड्यातून एकदाच, पुनवेला आणि अवसेला. म्हणजे एका उधाणाला भरलेले १० सेंटिमीटर पाणी पुढच्या उधाणापर्यंत जेमतेम पुरते. मिठागराची सारी घडण या जुळणीवर उभी आहे. एक उधाण चुकले की तळ तडकतो. पण प्रत्येक उधाणाला नुसती भर घालत राहिले तरी बिघडते. १० सेंटिमीटर पाण्यातले ८ आटले आणि वर ८ नव्याने भरले, असे पाच वेळा केले तर अडीच महिन्यांत खारटपणा समुद्राच्या पाचपट होतो. मीठवाल्याला तेच हवे, अळ्या-कोळंबीला नको. उपाय सोपा आहे. जितके पाणी आटते तितकेच, तळातले जड मिठवणी, ओहोटीला बाहेर सोडायचे आणि मग दोन्हींची भरपाई भरतीतून करायची. असे केले की खारटपणा समुद्राच्या दुपटीच्या आसपास थांबतो. एका उधाणाच्या चार-पाच दिवसांत हे दोन-तीन हप्त्यांत उरकते. सगळे एकदम सोडू नये, तळ उघडा पडला तर त्यातले जीव उन्हात मरतात. बोमे मापक स्वस्तात मिळतो. तळ्यात एक लाकडी खांब रोवून त्यावर पाच-पाच सेंटिमीटरच्या खुणा रंगवल्या की मोजमापाची सोय झाली.

बिघडते ते बहुधा तोंडाशी, उघाडीपाशी. इथे एक घोळ सरकारी कागदांतही दिसतो. खारभातशेतीची उघाडी आणि मिठागराची उघाडी दिसायला सारखी, पण काम उलटे. शेताच्या उघाडीची झडप ओहोटीला पावसाचे पाणी बाहेर सोडते आणि भरतीच्या रेट्याने आपोआप मिटते. मिठागराला पाणी आत घ्यायचे असते, म्हणून तिथे खाचेत बसणाऱ्या फळ्या असतात, हाताने काढायच्या-घालायच्या. पक्ष्यांसाठी राखायच्या तळ्यावर स्वयंचलित झडप बसवली तर ती इमानेइतबारे तळे कोरडे करते. फळ्याच हव्यात, प्रत्येकी १० सेंटिमीटर उंचीच्या, म्हणजे एक फळी म्हणजे एक पायरी. लोखंडी दार खाऱ्या पाण्यात बिजागरीतून गंजून अडकते. लाकूड किंवा फायबर बरे. खाचेत कालवे धरतात आणि फळी अर्ध्यात अडकते, तेव्हा दर उधाणाआधी खाच खरवडायची. बाहेरच्या अंगाला पावसाळ्यात साचलेला गाळ दिवाळीच्या सुमारास काढायचा. एवढेच काम, पण ते कोणाच्या तरी नावावर हवे.

रस्ते आले तिथे उघाडीच्या जागी सिमेंटचे नळ आले. दहा हेक्टरच्या तळ्यात १० सेंटिमीटर पाणी भरायचे म्हणजे १० हजार घनमीटर. भरतीचे पाणी तळ्यापेक्षा वर असते ते तीन तास धरा. तेवढ्यात हे पाणी आत यायचे तर सेकंदाला जवळपास एक घनमीटर हवे. ९० सेंटिमीटर व्यासाचे दोन नळ ते देतात. प्रत्यक्षात टाकलेला असतो ३० सेंटिमीटरचा एक नळ. सेकंदाला एक मीटर वेगाने पाणी धावले तरी त्यातून तळे भरायला ४० तास, म्हणजे तेरा-चौदा भरत्या लागतात. उधाण त्याआधीच ओसरते. शिवाय नळ बहुतेक वेळा तळ्याच्या तळापेक्षा फूट-दीड फूट वर बसवलेला असतो, त्यामुळे आत आलेले पाणी बाहेर जात नाही. कागदावर 'प्रवाह कायम ठेवला आहे' हे खरेच असते! नेरूळच्या डीपीएस तलावात भरतीचे पाणी येणाऱ्या वाटा बुजल्या आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तिथे रोहित मरून पडले, तेव्हा चर्चा पक्ष्यांच्या आजाराची अधिक झाली, नळांची कमी. कोणत्याही पाणथळीची पाहणी करणाऱ्याने आधी विचारावे: नळ किती, व्यास किती, आणि नळाचा तळ कोणत्या पातळीवर.

तिवरांचा विषय नाजूक आहे आणि त्यावर आमचे मत सर्वांना पटणार नाही. कांदळवन हवे, खाडीच्या अंगाला हवे, बांधाच्या बाहेर जितके दाट तितके चांगले. बांध टिकतो तो त्याच्यामुळे. पण बांधाच्या आतल्या उघड्या पाण्यात तिवर आले की टिलवे, चिखले, रोहित उठतात. दाट झाडीत शिकारी दिसत नाही, म्हणून हे पक्षी उघड्यावरच बसतात. तिवराच्या बिया पावसाळ्यात गळतात, ऑगस्ट ते ऑक्टोबर भरतीबरोबर आत येतात, आणि भांगाच्या, म्हणजे भरती कमी चढणाऱ्या, दिवसांत चिखल चार-सहा दिवस उघडा राहिला की तेवढ्यात मूळ धरतात. एकदा झाड झाले की ते तोडता येत नाही, तोडूही नये. मुंबई उच्च न्यायालयाचा २००५ चा अंतरिम आणि सप्टेंबर २०१८ चा अंतिम आदेश स्पष्ट आहेत. तेव्हा जे करायचे ते पाण्याने, बी रुजण्याआधी. या तीन महिन्यांत तळ्यात १० ते १५ सेंटिमीटर पाणी सलग ठेवायचे आणि उघाडीच्या तोंडाला एक सेंटिमीटर भोकाची जाळी लावायची. जाळी रोज झाडावी लागते. एक दिवस चुकला तर प्लास्टिकने तुंबते. ऑक्टोबर सरला की जाळी काढून टाकावी, नाहीतर कोळंबीचे आणि माशांचे बारके आत येत नाहीत.

याच ओघात एक वाईट सवय सांगितली पाहिजे. कांदळवन लागवडीचे उद्दिष्ट पुरे करण्यासाठी ओहोटीच्या उघड्या चिखलावर रोपे लावली जातात. हा चिखल ओसाड नाही, पक्ष्यांचे ताट आहे. शिवाय भरतीरेषेच्या इतक्या खाली तिवर तगत नाही. बहुतेक रोपे मरतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच लावली जातात.

पावसाळ्यात तळ्याची दुसरीच तऱ्हा होते. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि सारे पाणी गोडे होते. शेकाट्या, टिबुकली, जांभळ्या पाणकोंबड्या यांना ते चालते. भीती आहे ती रामबाणाची, म्हणजे पाणकणसाची. जवळच्या वसाहतीचे सांडपाणी तळ्यात सोडले असेल तर गोडेपणा वर्षभर टिकतो आणि रामबाण दोन-तीन वर्षांत निम्मे तळे खातो. उपटून काढणे व्यर्थ, मुळाचे तुकडे राहतात. देठ पाण्याच्या पातळीखाली कापावा आणि तीन आठवडे वर पाणी ठेवावे. हवा न मिळाल्याने मूळ कुजते. दुसरा आणि स्वस्त उपाय म्हणजे पाऊस ओसरल्यावरच्या पहिल्या उधाणाला खारे पाणी पुरेपूर आत घेणे. सांडपाणी बंद केल्याशिवाय दोन्ही उपाय दरवर्षी करावे लागतील, हेही सांगून ठेवतो.

उन्हाळ्यातला धोका निराळा. मे महिन्यात साचलेले, तापलेले, कमी प्राणवायूचे पाणी, त्यात मेलेले मासे, त्यांवर अळ्या. अशा पाण्यात बोट्युलिझमचे विष तयार होते. अळी खाणारा पक्षी मरतो, त्याच्या अंगावर पुन्हा अळ्या होतात आणि साखळी चालू राहते. २०१९ मध्ये राजस्थानातल्या सांभर तलावात हजारो पक्षी मेले ते याच विषाने. ओळखायची खूण: पंख आणि मान लुळी पडलेला, पण जखम नसलेला पक्षी. अशा वेळी मेलेला प्रत्येक पक्षी आणि मासा त्याच दिवशी हातमोजे घालून उचलायचा, पशुवैद्यकीय खात्याला कळवायचे, आणि एकतर ताजे पाणी झपाट्याने फिरवायचे नाहीतर तो भाग पुरता कोरडा करायचा. अर्धवट आटलेले पाणी ठेवणे हे सर्वांत वाईट.

वीण मार्चपासून. शेकाट्या, केंटिश चिखल्या, टिटवी, छोटी आर्ली यांची अंडी आतल्या बांधांवर, उघड्या मातीवर असतात. या काळात पाण्याची पातळी एकदम पाच सेंटिमीटरहून अधिक चढवली तर घरटी बुडतात. कुत्री हा दुसरा शत्रू. आतल्या बांधाला मुख्य बांधापासून तोडून मध्ये तीन मीटर रुंद, मीटरभर खोल चर ठेवला तर फरक पडतो. माथ्यावर झाड लावू नये. झाडावर कावळा बसतो आणि खालची अंडी पाहतो. वृक्षारोपणाच्या उत्साही मंडळींना हे समजावणे कुत्री आवरण्याइतकेच कठीण जाते.

आतापर्यंत मिठागरांबद्दल झाले. पेण, अलिबाग, उरण भागात खारे पाणी शिरलेल्या भातखाचरांतही पक्षी आहेत, आणि तिथे टाळ्या वाजवण्याआधी थांबायला हवे. बांधाला चिंबोरीचे बीळ पडते, त्यातून पाणी झिरपते, झिरपण्याचा ओहोळ होतो, आणि एका उधाणाला खांड पडते. वेळीच बुजवली नाही तर दोन पावसाळ्यांत आत तिवर येते आणि शेतकऱ्याचे खाचर कायद्याने कांदळवन होते. म्हणजे त्या पक्ष्यांची किंमत कोणाच्या तरी भाताच्या पिकाने मोजलेली असते. १९४८ च्या आणि नंतर १९७९ च्या खारभूमी कायद्याने बांधांची व्यवस्था लावून दिली, पण गावाने एकत्र येऊन बांध राखायची जुनी रीत मोडली आणि सरकारी दुरुस्ती वेळेवर होतेच असे नाही. जिथे शेतकऱ्याला शेत परत हवे आहे, तिथे बांध बांधून द्यावा. खांड बुजवायचे काम भांगाच्या दिवसांत करतात. आधी बीळ मुळापर्यंत खणून काढायचे, बांधाच्या तळात खाच घ्यायची, मग चिकणमातीचे वीत-वीतभराचे थर चोपत वर यायचे, आणि माथा सर्वांत मोठ्या उधाणाच्या वर किमान दोन फूट ठेवायचा. बीळ न खणता वरून माती लोटली तर ती पुढच्या पुनवेपर्यंतही टिकत नाही.

भात आणि पाणपक्षी यांचे जमूही शकते. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या पनवेल १, २, ३ या जाती खारटपणा सोसतात. भात कापल्यावर डिसेंबर ते एप्रिल खाचरात वीतभर खारे पाणी घेऊन जिताडा किंवा कोळंबी धरायची, मे महिन्यात पाणी सोडून जमीन तापवायची, आणि जूनच्या पावसाने मीठ धुऊन गेल्यावर लावणी करायची. केरळात पोक्कळी भाताची शेती याच पद्धतीने चालते. मात्र त्यासाठी उघाडी दोन्ही बाजूंनी चालणारी हवी, झडप आणि फळ्या दोन्ही असलेली. आणि शेजारच्या सर्व खाचरवाल्यांची संमती हवी, कारण खारे पाणी हद्द ओळखत नाही.

रासायनिक वसाहतींजवळच्या खाड्यांना, म्हणजे उल्हास, पाताळगंगा, कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी यांच्या काठच्या पडीक तळ्यांना वरचे काहीही सरसकट लावू नये. तिथल्या चिखलात पारा, शिसे, क्रोमियम असू शकते. पाऱ्याचा चिखल वारंवार सुकवला आणि ओला केला तर पाऱ्याचे अधिक विषारी रूप वाढते आणि माशांतून पक्ष्यांत, माणसांत जाते. म्हणजे मिठागरात जे फळ्यांचे काम पक्ष्यांना पोसते, ते इथे त्यांना मारू शकते. आधी चिखलाचे नमुने घ्यावेत: एक वरच्या ५ सेंटिमीटरचा, एक वीतभर खालचा, प्रवेशतोंडाशी, मध्यावर आणि दूरच्या कोपऱ्यात. वरचा थर स्वच्छ आणि खालचा दूषित निघाला तर खणू नये, पाणी सलग ठेवावे आणि खालचे खालीच राहू द्यावे. वरचाच दूषित असेल तर ती जागा पक्ष्यांना आकर्षक करण्याचा खटाटोपच करू नये.

दक्षिणेकडे, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात, मिठागरांची जागा चिरेखाणी घेतात. जांभा काढून सोडलेल्या खाणीत पावसाचे पाणी साचते, बेडूक येतात, चतुर येतात, उन्हाळ्यात कोल्हा आणि गवा पाण्याला येतात. पण चिऱ्याच्या खाणीच्या भिंती ताशीव, उभ्या. आत पडलेले जनावर वर येत नाही. एका बाजूला मीटर उंचीला तीन मीटर लांबी असा उतार तुटलेल्या चिऱ्यांचा आणि मातीचा भरला तर हा प्रश्न मिटतो. परवाना संपताना खाणमालकाकडून एवढे करून घेणे अवघड नाही. डासांसाठी त्यात गप्पी मासे सोडतात, ते बेडकांची पिले खातात. उन्हाळ्यात आटणाऱ्या खाणीत मासे सोडूच नयेत, आटणे हाच बेडकांचा बचाव. रेडीच्या जुन्या लोहखाणींसारखे खोल, कडेला उथळ भाग नसलेले खड्डे पाणी भरूनही पाणपक्ष्यांना फारसे उपयोगाचे होत नाहीत. आणि एक समजून घ्यावे: सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या पठारावरच्या, कातळात पावसाळ्यात फुलणारी इवलीशी वनस्पतीसृष्टी चिरा काढल्यावर परत येत नाही. खाणीतले तळे हा सड्याचा मोबदला नव्हे. 'खाण काढली तरी पुढे तळे होईल' असा युक्तिवाद परवान्याच्या अर्जात येऊ लागेल, त्याआधीच हे नोंदवतो.

राहता राहिला कायदा. २०१७ च्या पाणथळ नियमांतून भातखाचरे, आणि मीठ उत्पादन, मत्स्यशेती, सिंचन यांसाठी मुद्दाम बांधलेली तळी वगळली आहेत. म्हणजे या पत्रात ज्यांची चर्चा केली, त्या बहुतेक जागा त्या नियमांच्या व्याख्येतच बसत नाहीत. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेत कांदळवनाला सर्वांत कडक संरक्षण आहे. याचा परिणाम विचित्र होतो. ज्याला जागेवर इमारत हवी, तो तिवर येऊ नये म्हणून भरतीचे पाणी अडवतो. ज्याला जागा वाचवायची आहे, तो तिवर यावे म्हणून बांध फुटू देतो. दोघांच्या ओढाताणीत उथळ, उघडे पाणी मात्र संपते, आणि रोहित बसतो तो त्याच पाण्यात. २०११ च्या राष्ट्रीय पाणथळ नकाशावलीत सव्वादोन हेक्टरहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळ जागा धरल्या होत्या. लहान तळी त्या मोजणीबाहेर. किनाऱ्यावरची अनेक उपयोगाची तळी त्याहून लहानच आहेत.

म्हणून मागणी एवढीच. मुंबई, नवी मुंबई, उरण, पेण आणि वसई भागातल्या ज्या मिठागरांत आणि तळ्यांत आज पक्षी आहेत, त्यांची वेगळी यादी करावी आणि यादीत क्षेत्रफळाशेजारी प्रत्येक उघाडीची आणि नळाची जागा, व्यास, तळाची पातळी व आजची अवस्था लिहावी. प्रत्येक उघाडीमागे एक माणूस नेमावा, महिन्यातून दोन उधाणांचे आठ-दहा दिवस त्याचे काम. मिठागरांत हयात घालवलेले आगरी कामगार अजून आहेत. बोमे मापकाविना जिभेवर मिठवणी जोखणारे. मानधन त्यांना द्यावे आणि सोबत एकेक तरुण उमेदवार ठेवावा, कारण ही विद्या कुठे लिहून ठेवलेली नाही. मोजणी दोन्ही उधाणांना, ऐन भरतीच्या वेळी, रोहितांबरोबर टिलव्यांचीही व्हावी. पाऊस ओसरल्यावरचे पहिले उधाण हा कामाचा मुहूर्त. त्याआधी खाचा खरवडून, बाहेरचा गाळ काढून, फळ्या तयार असायला हव्यात.

आपले,
खारबांध आणि पाणपक्षी यांच्याशी संबंधित काही जण,
उरण–पेण–अलिबाग